अठरा वर्षं कुणीच न पाहिलेलं नाव

तुम्ही लिहिलंय की मुलगा अडीच वर्षांचा आहे आणि मुलगी चार महिन्यांची. पाळणाघराने प्रवेशासाठी मुलाच्या ओळखपत्राची आणि जन्मदाखल्याची झेरॉक्स मागितली, आणि देताना तुमचा हात अडखळला. घरचे म्हणाले, एवढ्याशा पोराच्या नावावर ना पैसा ना मालमत्ता, त्याची ओळख चोरून कुणाला काय मिळणार? धोका खरा आहे का आणि असला तर नेमकं करायचं काय, हा तुमचा प्रश्न.

धोका खरा आहे. मी वीसेक वर्षं ओळखचोरीच्या प्रकरणांवर काम करते आहे. सुरुवातीची वर्षं कर्ज देणाऱ्यांच्या बाजूने केलं, नंतर ज्यांच्या नावावर भलत्यानेच कर्ज काढलं त्यांच्या बाजूने. घरच्यांचं निरीक्षण बरोबर आहे, फक्त त्यांनी काढलेला निष्कर्ष उलटा आहे. मुलाच्या नावावर काहीच नसतं, आणि चोराला नेमकं तसंच नाव हवं असतं.

मोठ्या माणसाच्या नावाने कुणी कर्ज घेतलं तर ते फार दिवस लपत नाही. बँकेचा मेसेज येतो, थकलेल्या हप्त्याचा फोन येतो, घरकर्ज मागायला गेल्यावर जुनी नोंद समोर येते. मुलाच्या बाबतीत यातलं काहीच होत नाही. त्याचा फोन नाही, खातं नाही, आणि त्याच्या नावाचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्जांची आणि परतफेडीची नोंद, तपासावा असं आई-वडिलांच्या मनातही येत नाही. पहिली नोकरी, शिक्षणासाठी पहिलं कर्ज, भाड्याने घेतलेली पहिली खोली, यांतलं काही होईपर्यंत त्या नावाकडे कुणी बघतच नाही. तुमच्या चार महिन्यांच्या मुलीची माहिती आज कुणाच्या हाती लागली, तर ती वापरायला त्याच्याकडे सतरा-अठरा वर्षं आहेत.

हे घडतं कसं ते कळलं की उपायांमागचं कारणही कळतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. सर्वांत जास्त अभ्यास झालाय तो अमेरिकेतल्या सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा, म्हणजे नोकरी, कर, कर्ज अशा सगळीकडे ओळख म्हणून लागणाऱ्या सरकारी क्रमांकाचा. तिथे बाळाच्या जन्मनोंदणीबरोबरच हा क्रमांक मागता येतो, त्यामुळे काही आठवड्यांच्या बाळालाही तो मिळालेला असतो. चोर तो खरा क्रमांक घेतो आणि त्याला खोटं नाव, तीस-पस्तीस वर्षांच्या माणसाची जन्मतारीख आणि स्वतःच्या हाताखालचा एखादा पत्ता जोडतो. असा अर्धा खरा, अर्धा खोटा माणूस उभा करण्याला सिंथेटिक ओळख म्हणतात. या माणसाच्या नावाने पहिला कर्जअर्ज जातो, तेव्हा क्रेडिट ब्युरोकडे, म्हणजे लोकांच्या कर्जांचा हिशोब ठेवणाऱ्या कंपनीकडे, काहीच नोंद नसते आणि अर्ज फेटाळला जातो. पण अर्ज आल्यामुळे त्या नावाची एक फाइल तयार होते. पुढे कुणीतरी छोट्या मर्यादेचं कार्ड देतं. चोर त्याचे हप्ते वेळेवर भरतो, मर्यादा वाढत जाते, आणखी कार्डं मिळतात. वर्ष-दोन वर्षं असं गोडीगुलाबीने चालतं आणि मग एका महिन्यात सगळी कार्डं काठोकाठ वापरून तो नाहीसा होतो. थकबाकी राहते ती त्या क्रमांकावर, आणि त्या क्रमांकाचा खरा मालक तेव्हा बालवाडीत असतो.

कर्ज देणाऱ्याला हे दिसत कसं नाही, असं तुम्ही विचाराल. कारण क्रमांक, नाव आणि जन्मतारीख ही तिन्ही एकाच माणसाची आहेत का, हे क्रमांक देणाऱ्या सरकारी खात्याकडून झटपट पडताळून घ्यायची सोय बँकांना वर्षानुवर्षं नव्हती. अमेरिकेत २०१८ च्या कायद्याने ती देण्याचं ठरलं आणि ग्राहकाच्या संमतीने अशी इलेक्ट्रॉनिक पडताळणी २०२० मध्ये सुरू झाली. त्याआधी एक वेगळीच गोष्ट घडून गेली होती. जुन्या सोशल सिक्युरिटी क्रमांकाच्या पहिल्या तीन आकड्यांवरून तो कोणत्या राज्यातून दिला गेला ते कळायचं. २००९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाचे अलेसांद्रो अक्विस्टी आणि राल्फ ग्रोस यांनी दाखवून दिलं की फक्त जन्मतारीख आणि जन्माचं राज्य माहीत असेल, तर १९८८ नंतर जन्मलेल्यांपैकी ४४ टक्के लोकांच्या क्रमांकाचे पहिले पाच आकडे एकाच प्रयत्नात ओळखता येतात. २५ जून २०११ पासून हे क्रमांक यादृच्छिक, म्हणजे कुठलाही क्रम नसलेले, दिले जाऊ लागले. त्यामुळे अंदाज बांधणं अवघड झालं हे चांगलंच. पण क्रमांकावरून तो साधारण कधी आणि कुठे दिला गेला याचा जो माग लागायचा, तोही पुसला गेला. पूर्वी चाळिशीच्या माणसाने कालपरवा दिलेला क्रमांक सांगितला तर निदान शंका घ्यायला जागा असायची.

त्या संशोधनातली जन्मतारीख लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

आता आकड्यांबद्दल. कार्नेगी मेलनच्याच सायलॅब या संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात ४२,२३२ मुलांची माहिती तपासली होती. त्यातल्या ४,३११ मुलांचा, म्हणजे १०.२ टक्के मुलांचा क्रमांक दुसरंच कुणीतरी वापरत होतं. सर्वांत लहान मूल पाच महिन्यांचं होतं. ही मुलं एका ओळख-संरक्षण सेवेने तपासलेली होती, त्यामुळे दर दहातलं एक मूल असा सरसकट अर्थ यातून काढू नका. मी स्वतःही काढत नाही. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते जॅव्हलिन स्ट्रॅटेजी अँड रिसर्च या संस्थेने २०१८ मध्ये मांडलेलं चित्र. २०१७ या एका वर्षात अमेरिकेत दहा लाखांहून अधिक मुलं ओळखचोरीला बळी पडली, त्यातली साधारण दोनतृतीयांश सात वर्षांची किंवा त्याहून लहान होती, आणि सुमारे ६० टक्के मुलांच्या बाबतीत चोर त्यांच्या ओळखीचा होता. मोठ्यांच्या बाबतीत हेच प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास होतं.

ओळखीचा म्हणजे कोण, ते मी माझ्या कामात इतक्या वेळा पाहिलंय की त्यावर थोडं थांबते.

एकोणीस वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली होती. शिक्षणाचं कर्ज नाकारलं गेलं म्हणून तिने पहिल्यांदा स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट मागवला, तर त्यात दोन फोन जोडण्या, एक वीजजोडणी आणि एका कार्डाची थकबाकी होती. सर्वांत जुनी नोंद ती सहा वर्षांची असतानाची. पत्ता वाचल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, कारण तो तिच्या काकांचा होता. काका वाईट माणूस नव्हते. धंदा बुडाला, स्वतःचं नाव खराब झालं, विजेची जोडणी तुटायला आली, आणि भावाच्या घरातल्या फाइलमध्ये पुतणीचा कागद हाताशी होता. दोन महिन्यांत भरतो, कुणाला कळायचंही नाही, असंच त्यांनी स्वतःला समजावलं असणार. पुढे एका खोटेपणाला झाकायला दुसरा लागत गेला.

त्या मुलीपुढचा पेच पैशांपेक्षा मोठा होता. नाव स्वच्छ करून घ्यायचं तर हे कर्ज मी घेतलेलं नाही असं लेखी द्यावं लागतं, आणि बहुतेक ठिकाणी त्यासोबत पोलिसांतली तक्रारही जोडावी लागते. म्हणजे काकांचं नाव घ्यायचं. घरातले म्हणत होते, मिटवून टाक, आपलीच माणसं आहेत. शेवटी तिने तक्रार दिली. तो निर्णय बरोबर होता असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, पण त्यानंतर ती वर्षभर नीट झोपली नाही हेही मी पाहिलं आहे.

म्हणून आई-वडिलांना मी सांगते, मुलाचं नाव कुठल्याही बिलावर, जोडणीवर, हमीपत्रावर येऊ देऊ नका. तात्पुरतं नको, सोयीसाठी नको, स्वतः तुम्हीही नको. अडचणीच्या दिवसांत स्वतःच्याच मुलाचं नाव वापरणारे आई-बाप मी पाहिलेत आणि त्यांची अडचण खरी होती, पण तिचा हप्ता मुलाने भरला. मुलांचे मूळ कागद कुलपात ठेवा. येणाऱ्या-जाणाऱ्यांवर संशय घ्या असं मी म्हणत नाही. कपाटातली उघडी फाइल अडचणीत सापडलेल्या माणसापुढे नको तो मोह ठेवते, तेवढं टाळा. आणि मोबाइलच्या फोटोंमध्ये, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवलेला जन्मदाखला हीसुद्धा उघडी फाइलच आहे. पाठवला असेल तर पुसून टाका, समोरच्यालाही पुसायला सांगा.

उरलेला धोका बाहेरून येतो, आणि त्यात तुमची काहीच चूक नसते. २०१५ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या अँथम या आरोग्य विमा कंपनीची माहिती चोरीला गेली तेव्हा सुमारे ७ कोटी ८८ लाख लोकांच्या नोंदी गेल्या, आणि त्यात पालकांच्या विम्यात नाव असलेली मुलंही होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये व्हीटेक या खेळणी बनवणाऱ्या कंपनीकडून ६० लाखांहून जास्त मुलांच्या प्रोफाइल गेल्या. नावं, जन्मतारखा, काहींचे फोटो, आई-वडिलांशी केलेल्या गप्पासुद्धा. डिसेंबर २०२४ मध्ये पॉवरस्कूल या शाळांसाठीच्या सॉफ्टवेअरमधून उत्तर अमेरिकेतल्या असंख्य विद्यार्थ्यांची माहिती गेली. कंपनीने खंडणी दिली, माहिती नष्ट केल्याचं आश्वासन मिळालं, आणि मे २०२५ मध्ये शाळांना पुन्हा धमक्या येऊ लागल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये लंडनच्या किडो या पाळणाघरांच्या साखळीतल्या सुमारे आठ हजार मुलांची नावं, पत्ते आणि फोटो चोरले गेले. ही तुमच्या मुलाच्याच वयाची मुलं.

यातल्या एकाही घटनेत पालकांना काही रोखता आलं नसतं. त्यांच्या हातात एकच गोष्ट होती, किती माहिती द्यायची. जो क्रमांक फॉर्मवर लिहिलाच नाही तो तिथून फुटू शकत नाही. तुमच्या पाळणाघराच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

बहुतेक फॉर्म कुठल्यातरी जुन्या फॉर्मवरून केलेले असतात. क्रमांकाचा रकाना का आहे, हे समोरच्या बाईंनाही माहीत नसतं. त्यांना मुलाचं वय आणि पालक कोण हे खात्रीने कळायला हवं, आणि ती गरज रास्त आहे. मग शांतपणे म्हणा, "मूळ दाखला आणलाय, तुम्ही बघा आणि फॉर्मवर पाहिला म्हणून लिहा. झेरॉक्स ठेवायलाच हवी का?" दहातल्या सात वेळा तेवढ्यावर भागतं, हा माझा अनुभव. तरीही प्रत हवीच म्हणाले, तर पुढचं विचारा: कोणत्या नियमाने लागते, कुणाच्या ताब्यात राहते, कॉम्प्युटरवर चढवता का, आणि मूल इथून गेल्यावर तिचं काय करता. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांकडे नसतं. प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा, 'फक्त अमुक पाळणाघराच्या प्रवेशासाठी', खाली तारीख आणि सही. अक्षरं मजकुरावरून जाऊ द्या, कोपऱ्यात लिहिलं तर कापून टाकता येतं. क्रमांकाचे शेवटचे चार आकडे सोडून बाकीचे झाकता येत असतील तर झाका. व्हॉट्सॲपवर पाठवा म्हणाले, तर प्रत्यक्ष आणून देते म्हणा.

अशी विचारपूस करताना आपण भांडखोर दिसू, मुलाला त्याचा त्रास होईल, असं अनेक आयांना वाटतं. समजू शकते. पण मी पाळणाघरांच्या, शाळांच्या लोकांशीही बोलते आणि त्यांच्यातले जाणते लोक अशा पालकांमुळे सुटकेचा श्वास टाकतात. जितके कमी कागद, तितकी त्यांच्या डोक्यावरची जबाबदारी कमी.

देशोदेशीची व्यवस्था वेगळी आहे, त्यामुळे तुमच्या मुलांचा क्रमांक जिथला आहे तिथली कुलुपं माहीत करून घ्या. अमेरिकेत २१ सप्टेंबर २०१८ पासून सोळा वर्षांखालच्या मुलाचं क्रेडिट पालकांना विनामूल्य गोठवता येतं, म्हणजे त्या नावावर नवं कर्ज निघू नये अशी सोय करता येते. मुलाच्या नावाची फाइलच नसेल तर ब्युरो केवळ गोठवण्यासाठी नोंद तयार करतो आणि तिला कुलूप घालतो. इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या तिथल्या तीन ब्युरोंकडे वेगवेगळा अर्ज करावा लागतो, मुलाचे आणि स्वतःचे कागद जोडावे लागतात, थोडी दमछाक होते. तरीही तुमची मुलं तिथली असतील तर मी म्हणेन, बाकी सगळं बाजूला ठेवा आणि हे आधी करा. आलेलं पत्र, आणि पिन दिला असेल तर तोही, जपून ठेवा, मूल मोठं झाल्यावर ते कुलूप काढायला लागेल. करविवरणात तुमच्या मुलाला दुसऱ्यानेच आपलं मूल म्हणून दाखवू नये यासाठी तिथल्या करखात्याचा सहा आकडी संरक्षक पिन मिळतो, तो दरवर्षी बदलतो आणि अवलंबून असलेल्या मुलांसाठीही घेता येतो.

भारतात पाच वर्षांखालच्या मुलाचं आधार निळ्या रंगाचं असतं. त्यासाठी बोटांचे ठसे किंवा डोळ्यांची नोंद घेत नाहीत, ते पालकाच्या आधारशी जोडलेलं असतं, आणि पाचव्या व पंधराव्या वर्षी ठसे नोंदवावे लागतात. ते वेळेवर करा, कारण पाच ते पंधरा या काळात ठसे नसलेलं आधार म्हणजे नुसताच क्रमांक आणि फोटो. प्रत द्यायची वेळ आली तर फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारं मास्क्ड आधार डाउनलोड करता येतं, किंवा मूळ क्रमांकाऐवजी सोळा आकडी व्हर्च्युअल आयडी देता येतो. ठसे नोंदवल्यानंतर ते लॉकही करता येतात. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही असं म्हटलं आहे, आणि मूल अठरा वर्षांचं झाल्यावर सहा महिन्यांच्या आत स्वतःचं आधार रद्द करून घ्यायचा पर्याय २०१९ च्या दुरुस्तीने दिला आहे. ब्रिटनमध्ये नॅशनल इन्शुरन्स क्रमांक मूल सोळाच्या उंबरठ्यावर आल्यावरच पाठवतात, म्हणून तिथे तान्ह्या बाळाच्या क्रमांकाचा प्रश्न येत नाही. पण नाव, पत्ता आणि जन्मतारीख यांची चोरी तिथेही होतेच.

आता जन्मतारखेकडे येऊ. क्रमांक आपण जपतो आणि जन्मतारीख स्वतःहून वाटतो. बाळाचा पहिला फोटो टाकताना संपूर्ण नाव, तारीख, वेळ, वजन, रुग्णालयाचं नाव, सगळं आनंदाने लिहितो. मनगटावरच्या पट्टीचा जवळून काढलेला फोटो असतो, त्या पट्टीवर आईचं नाव आणि नोंदणी क्रमांक असतो. पुढे दरवर्षी वाढदिवसाला त्याच दिवशी केकचा फोटो, त्यावर वयाचा आकडा. अठरा वर्षांनी ही माहिती परत घ्यायची कुठलीच सोय नसते. फोटो टाकूच नका असं मी म्हणणार नाही. लांब राहणाऱ्या आजी-आजोबांना तेवढाच आधार असतो. मोजक्या माणसांपुरते ठेवा, मुलाचं लाडाचं नाव वापरा, वाढदिवसाचे फोटो आठ-दहा दिवसांनी टाका, वयाचा आकडा चौकटीबाहेर ठेवा. शाळेचा गणवेश, हजेरी क्रमांक, बक्षिसाचं प्रमाणपत्र, ही सगळी कोड्याचे तुकडे असतात. आईचं माहेरचं आडनाव अजूनही अनेक ठिकाणी सुरक्षा-प्रश्न म्हणून विचारतात, आणि मामाने केलेल्या एका कौतुकाच्या कॉमेंटमधून ते कळतं.

खेळणी, गोष्टींचे ॲप, बाळाच्या वाढीची नोंद ठेवणारे ॲप यांना खरी जन्मतारीख लागत नाही. रकाना सोडता आला तर सोडा. सक्तीचा असेल तर वर्ष खरं ठेवा आणि दिवस एक जानेवारी टाका. वर्ष खरं ठेवायचं कारण मुलांसाठीचं कायदेशीर संरक्षण वयावर लागू होतं: अमेरिकेत तेरा वर्षांखाली, युरोपीय संघात सोळा (काही देशांनी ते तेरापर्यंत खाली आणलं आहे), आणि भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखाली पालकांची संमती लागते.

पैसे घेऊन मुलाच्या नावावर नजर ठेवणाऱ्या सेवांबद्दल नेहमी विचारतात. माझं मत असं की त्या घडून गेल्यावर सांगतात, आणि सांगण्यासाठी आधी मुलाचा क्रमांक स्वतःकडे ठेवतात. एखाद्या चोरीनंतर कंपनीने भरपाई म्हणून विनामूल्य दिली तर घ्या. नाहीतर गोठवणं, लॉक करणं आणि वर्षातून एकदा स्वतः तपासणं पुरेसं आहे.

तपासताना काय पाहायचं? तुम्ही गोठवण्यासाठी करून घेतलेली नोंद सोडली, तर लहान मुलाच्या नावाची क्रेडिट फाइलच नसायला हवी. नोंद सापडत नाही असं उत्तर आलं तर ते चांगलं उत्तर आहे. मुलाच्या नावाने वसुलीचा फोन किंवा पत्र आलं, सरकारी लाभ देताना हा क्रमांक आधीच वापरात आहे म्हणाले, विम्यात न घेतलेल्या उपचारांची नोंद दिसली, तर लगेच कामाला लागा. उपचारांची गोष्ट तर पैशांपलीकडची आहे, कारण दुसऱ्याचा रक्तगट किंवा ॲलर्जी तुमच्या मुलाच्या फाइलमध्ये शिरू शकते. कार्डाची जाहिरात करणारं एखादं पत्र मुलाच्या नावाने आलं, तर त्याने घाबरून जाऊ नका. बचत खातं उघडल्यावर अशी पत्रं कधीकधी येतात. मात्र फाइल आहे का हे तेव्हा नक्की बघा.

आणि खरंच काही सापडलं, तर सर्वांत आधी एक रुपयाही भरू नका. वसुली करणारा गोड बोलून किंवा धमकावून म्हणतो, थोडे तरी भरा, बाकीचं बघू. भरलेली छोटी रक्कमही कर्ज मान्य केल्यासारखी धरली जाऊ शकते. फोनवर मुलाचं नाव, तारीख, क्रमांक काहीही कबूल करू नका. जे असेल ते लेखी पाठवा म्हणा. मग तुमचं सर्वांत मोठं हत्यार बाहेर काढा, मुलाचा जन्मदाखला. अज्ञान, म्हणजे कायद्याने अजून सज्ञान न झालेल्या मुलाला कर्जाच्या करारात बांधता येत नाही, हे तत्त्व बहुतेक देशांच्या कायद्यांत आहे. भारतात १८७२ च्या करार कायद्यात ते आहे, आणि १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, मोहोरी बीबी खटल्यात असा करार मुळातच निरर्थक ठरवला. म्हणजे सही तुमच्या मुलाची नव्हती हे सिद्ध करत बसण्याआधीच, त्या तारखेला तो पाच वर्षांचा होता एवढं दाखवणं पुरतं. कर्ज देणाऱ्याला आणि क्रेडिट ब्युरोला एकाच दिवशी, पोच मिळेल अशा पद्धतीने पत्र पाठवा: करार झाला तेव्हा मूल अज्ञान होतं, खातं बंद करा, नोंद काढून टाका, आणि तसं लेखी कळवा. पोलिसांत तक्रार करून तिची प्रत घ्या. कुणाशी, कधी, काय बोललात ते एका वहीत लिहीत जा. नोंद काढल्याचं पत्र फाडू नका. तीच थकबाकी दुसऱ्या वसुली कंपनीला विकली जाऊन दोन वर्षांनी परत येते, हे मी अनेकदा पाहिलंय.

एका गटाबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. जी मुलं अनाथाश्रमासारख्या संस्थांमध्ये किंवा तात्पुरतं सांभाळणाऱ्या दुसऱ्या कुटुंबांत वाढतात, त्यांचे कागद दर वेळी नव्या हातांत जातात आणि त्यांच्यासाठी फॉर्मवर प्रश्न विचारणारं कुणी नसतं. अमेरिकेत अशा मुलांचा क्रेडिट रिपोर्ट दरवर्षी तपासण्याचं बंधन राज्यांवर २०११ मध्ये घातलं, आधी सोळाव्या वर्षापासून आणि २०१४ नंतर चौदाव्यापासून. तुमच्या ओळखीत असं मूल असेल तर त्याचं वय चौदा-पंधरा झालं की कुणीतरी मोठ्या माणसाने त्याच्यासोबत बसून ही तपासणी करावी.

तुमच्या मुलांची वर्षाची तपासणी एखाद्या वर्षी राहिली, तरी सोळाव्या वर्षीची चुकवू नका. तेव्हा काही निघालं तर निस्तरायला दोन वर्षं हाताशी राहतात. चार-पाच वर्षांचं झाल्यावर मुलाला एवढं शिकवा, की संपूर्ण नाव, वाढदिवस आणि पत्ता कुठे टाइप करायचा असेल तर आधी आईला किंवा बाबांना विचारायचं. मुलं हा नियम मोठ्यांपेक्षा चांगला पाळतात.

पाळणाघरात उद्या मूळ दाखला घेऊन जा, दाखवा आणि परत आणा. आणि मुलीचं म्हणाल, तर जन्मापासून तिच्या कागदांच्या किती प्रती काढल्या आणि कुठे कुठे दिल्या, याची यादी आज रात्रीच करा: रुग्णालय, विमा, जन्मनोंदणी, कार्यालयातल्या रजेचा अर्ज. चार महिन्यांत फार झाल्या नसतील, अजून सगळ्या आठवतील.